नॉमिनी म्हणजे वारस नव्हे : बँकेच्या कागदांवरचे शब्द समजून घेऊ या
(भिलाईतील मराठी खातेदारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बँकेत खाते उघडताना, मुदत ठेव ठेवताना किंवा कर्ज घेताना आपण बऱ्याच ठिकाणी सह्या करतो. ‘इथे करा, इथे करा’ असे म्हणत समोरचा माणूस बोट ठेवत जातो आणि आपण सही करत जातो. वाचायला वेळ नसतो, आणि वाचले तरी सगळे शब्द कळतातच असे नाही. आपल्या भिलाईत तर फॉर्म हिंदी नाही तर इंग्रजी. आपण घरी मराठी बोलतो, बाजारात हिंदी बोलतो, त्यामुळे हिंदी येत नाही असे मुळीच नाही. पण कायद्याची हिंदी वेगळी आणि सुपेल्याच्या बाजारातली हिंदी वेगळी.

एकच शब्द पाहा. बँक म्हणते ‘अनापत्ति प्रमाण-पत्र’ आणा. मराठी माणसाला आपत्ती म्हटले की पूर, दुष्काळ आठवतो. हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत. म्हणजे हे आपले ‘ना हरकत प्रमाणपत्र’. तसेच ‘वसीयत’ म्हणजे मृत्युपत्र किंवा इच्छापत्र, ‘मुख्तारनामा’ म्हणजे मुखत्यारपत्र, ‘शपथ-पत्र’ म्हणजे प्रतिज्ञापत्र, ‘उत्तरजीवी’ म्हणजे मागे हयात राहिलेला, ‘पंजीयन’ म्हणजे नोंदणी आणि ‘नामांतरण’ म्हणजे फेरफार.

हे शब्द पाठ करायचे नाहीत. प्रत्येक शब्दाने कोणाला काय मिळते आणि कोणाच्या गळ्यात काय पडते, एवढे कळले की पुरे. सुरुवात करू सगळ्यांत जास्त गैरसमज असलेल्या शब्दापासून.

नॉमिनी कोण आणि वारस कोण?

नॉमिनी म्हणजे नामनिर्देशित व्यक्ती. हिंदी फॉर्मवर ‘नामिती’ किंवा ‘नामांकित व्यक्ति’ असे लिहिलेले असते. खातेदार वारल्यावर बँकेने पैसे कोणाच्या हातात द्यायचे, ते हे नाव सांगते. नॉमिनीला पैसे दिले की बँक आपल्या जबाबदारीतून मोकळी होते. नॉमिनीचे नाव असते ते मुख्यतः एवढ्यासाठी.

पण पैसे हातात येणे वेगळे आणि पैशांचा मालक होणे वेगळे. बँकेच्या ठेवीच्या बाबतीत नॉमिनी हा विश्वस्तासारखा असतो. पैसे घ्यायचे आणि ज्यांचे आहेत त्यांना द्यायचे. ज्यांचे आहेत ते वारस. वारस कोण हे बँकेचा फॉर्म ठरवत नाही. ते इच्छापत्र ठरवते. इच्छापत्र नसेल तर वारसा कायदा ठरवतो.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, प्लांटमधून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची १२ लाखांची ठेव आहे. फॉर्म भरायला मोठा मुलगा सोबत गेला होता, म्हणून नॉमिनी त्याचेच नाव. गृहस्थ वारले. मागे त्यांची आई, पत्नी, मुलगा आणि मुलगी. इच्छापत्र नाही. बँक १२ लाख मुलाच्या खात्यात टाकेल आणि ते योग्यच आहे. पण हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे आई, पत्नी, मुलगा आणि मुलगी हे चौघेही पहिल्या वर्गाचे वारस. प्रत्येकाला सारखा वाटा, म्हणजे तीन-तीन लाख. लग्न होऊन राजनांदगावला किंवा नागपूरला गेलेल्या मुलीचा वाटा लग्नामुळे कमी होत नाही. म्हाताऱ्या आजीचाही वाटा सुटत नाही. मुलाने सगळे स्वतःचे म्हणून ठेवले तर बाकीचे तिघे त्याच्याकडे हिशेब मागू शकतात, वेळ पडली तर न्यायालयातून.

हा कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे वारसा नियम वेगळे आहेत. आणि बाई वारली तर क्रम थोडा बदलतो. तिच्या मालमत्तेवर पहिला हक्क तिचा नवरा आणि तिची मुले-मुली यांचा.

न्यायालये काय म्हणाली

हे वाद फार जुने आहेत. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आयुर्विम्याचे एक प्रकरण होते. पॉलिसीवर नॉमिनी म्हणून पत्नीचे नाव होते. मृताची आई आणि मुलगा आपला वाटा मागत होते. न्यायालयाने सांगितले, नॉमिनीने पैसे स्वीकारायचे; ते वाटले जातील वारसा कायद्याप्रमाणेच. २०१० मध्ये बँक खात्याच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले.

शेअर्सचा प्रश्न मात्र बराच काळ लोंबकळत राहिला. २०१० मध्येच मुंबई उच्च न्यायालयात एका विधवेचा दावा आला. नवऱ्याने शेअर्सवर नॉमिनी म्हणून आपल्या पुतण्याचे नाव लिहिले होते. शेअर्सच्या कायद्याची भाषा वेगळी आहे, त्यामुळे नॉमिनीच मालक, असा निकाल तेव्हा लागला आणि शेअर्स पुतण्याकडे गेले. नवऱ्याने फॉर्मवर लिहिलेल्या एका नावाने पत्नीचा हात रिकामा राहिला. पुढे २०१६ मध्ये त्याच उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने हा विचार चुकीचा ठरवला.

ज्या प्रकरणातून तो ठरला, ते एका मराठी घरातले. ‘कालनिर्णय’ तुमच्या भिंतीवर असेल. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर २० ऑगस्ट २०१३ रोजी वारले. त्यांनी २०११ मध्ये इच्छापत्र केले होते. काही म्युच्युअल फंडांच्या गुंतवणुकीवर नॉमिनींची नावे होती. ती गुंतवणूक नॉमिनींची की इच्छापत्राप्रमाणे वाटायची, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल आला : कंपनी कायद्यातले नामनिर्देशन वारसा कायद्याला बाजूला सारत नाही. म्हणजे शेअर्स आणि त्यांसारख्या गुंतवणुकीतही नॉमिनी आपोआप मालक होत नाही.

मृत्यू २०१३ मधला, शेवटचा शब्द २०२३ मधला. मध्ये दहा वर्षे गेली. ज्या घरात इच्छापत्र होते, वकील होते, तिथे ही गत. आपल्यासारख्या लहान बचतदाराला दहा वर्षे परवडतील का, याचा विचार करा.

एक अपवाद सांगतो. विमा कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती झाली. आई-वडील, पती किंवा पत्नी, मुले यांपैकी कोणाला पॉलिसीवर नॉमिनी केले, तर त्यांना ‘लाभार्थी नॉमिनी’ म्हणतात आणि रकमेवर त्यांचा स्वतःचा हक्क सांगितला आहे. म्हणून विम्याचा नियम बँकेच्या ठेवीला लावू नका आणि ठेवीचा विम्याला लावू नका.

मग नॉमिनी लिहायचा की नाही?

जरूर लिहायचा. नॉमिनी नसेल तर पैसे कोणाचे हा प्रश्न सोडवण्याआधी पैसे बाहेर काढायचे कसे, हाच प्रश्न उभा राहतो. नॉमिनी असला की मृत्यूचा दाखला, नॉमिनीची ओळख आणि दाव्याचा अर्ज एवढ्यावर काम होते. क्रियाकर्माचा, औषधांच्या उधारीचा खर्च डोक्यावर असताना हे छोटे काम नाही.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चारपर्यंत नॉमिनी लिहिता येतात. दोन रीती आहेत. एक, एकाच वेळी सगळे, प्रत्येकाच्या नावापुढे टक्के लिहून. बेरीज १०० झाली पाहिजे. दुसरी, क्रमाने, पहिला हयात नसेल तर दुसरा. लॉकरसाठी फक्त क्रमाची रीत आहे. एकाच मुलाच्या खांद्यावर सगळे ठेवण्यापेक्षा पत्नी आणि दोन्ही मुलांची नावे टक्क्यांसह लिहिली, तर निम्मे वाद जन्मालाच येणार नाहीत.

नोकरीत असलेल्यांसाठी आणखी एक. लग्नाआधी, कुटुंब नसताना पीएफवर भावाचे किंवा मित्राचे नाव लिहिले असेल, तर पुढे कुटुंब झाल्यावर ते नामनिर्देशन रद्द ठरते. कागदावर नाव दिसते, पण त्यात जीव नसतो. लग्न झाले, मूल झाले की नवे नामनिर्देशन भरा.

‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’

संयुक्त खात्याच्या फॉर्मवर ही ओळ असते. इंग्रजीत ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’. दोघांपैकी कोणाच्याही सहीने खाते चालते आणि एक वारला तर बँक दुसऱ्याला पैसे देते. याचा भाऊ ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ : पहिला हयात असेपर्यंत त्याचीच सही, दुसऱ्याची पाळी त्याच्यानंतर. आणि नुसते ‘जॉइंटली’ लिहिले असेल तर प्रत्येक वेळी दोघांच्याही सह्या लागतात. दवाखान्यात एक जण बेशुद्ध असेल तर खाते अडलेच म्हणून समजा.

मुदत ठेव मुदतीआधी मोडायची असेल, तर ‘दोघांपैकी कोणीही’ लिहिलेले असूनही दोघे हयात असताना बँक दोघांच्या सह्या मागते. आणि इथेही तोच नियम : हयात असलेल्याला बँक पैसे देते, याचा अर्थ बाकी वारसांचा हक्क संपला असा नाही.

मुखत्यारपत्र

गुडघे दुखतात, बँकेत जाणे होत नाही, म्हणून मुलाला मुखत्यारपत्र दिले. चांगली सोय आहे. पण लक्षात ठेवा, देणारा वारला की मुखत्यारपत्र त्याच क्षणी संपते. त्यानंतर त्या कागदावर खात्यातून पैसे काढणे बेकायदा आहे. वडिलांचे एटीएम कार्ड आणि पिन ठाऊक आहे म्हणून मृत्यूनंतर पैसे काढत राहणे हाही तोच प्रकार. हेतू वाईट नसतो, पण उद्या बहिणीने किंवा भावाने विचारले तर उत्तर देणे जड जाते. बँकेला कळवा आणि दावा करा.

नॉमिनी नसेल तर लागणारे कागद

इथे चार शब्द एकामागून एक येतात.

प्रतिज्ञापत्र : नोटरीसमोर शपथेवर लिहून दिलेले निवेदन. ‘आम्ही एवढेच वारस आहोत, दुसरे कोणी नाही’ असे त्यात लिहितात. खोटे लिहिले तर तो गुन्हा आहे. बहिणीचे नाव गाळणे म्हणजे खोटेच.

नुकसानभरपाईचे हमीपत्र : याला ‘इंडेम्निटी बाँड’ किंवा ‘क्षतिपूर्ति बंधपत्र’ म्हणतात. उद्या दुसरा वारस आला आणि बँकेला पैसे भरावे लागले, तर ते आम्ही देऊ, असे लिहून द्यायचे. ही नुसती सही नाही, ही जबाबदारी आहे.

ना हरकत पत्र : एका वारसाने पैसे उचलावे याला बाकीचे संमती देतात. सही करण्याआधी कागदावर नेमके काय आहे ते वाचा. ‘भावाने बँकेतून रक्कम काढायला माझी हरकत नाही’ हे वेगळे आणि ‘माझा हक्क मी सोडला’ हे वेगळे. दुसरे म्हणजे हक्कसोड. घराचा किंवा जमिनीचा हक्क सोडण्याचा दस्त नोंदणी करून होतो आणि एकदा झाला की सहजासहजी मागे येत नाही. बहिणींनो, सोडायचा तर समजून, मनापासून सोडा. ‘बँकेची एक फॉर्मॅलिटी आहे’ एवढ्यावर सोडू नका. आणि भावांनो, बहिणीला तो कागद वाचून दाखवा. न वाचता घेतलेली सही पुढे राखीच्या दिवशी आठवते.

उत्तराधिकार प्रमाणपत्र : हे न्यायालय देते, आपल्याकडे त्यासाठी दुर्गच्या न्यायालयात जावे लागते. अर्ज, नोटीस, हरकतींसाठी मुदत आणि रकमेच्या प्रमाणात शुल्क, असा तो प्रवास आहे. मात्र दर वेळी ते लागत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांप्रमाणे वाद नसेल आणि इच्छापत्राची भानगड नसेल, तर व्यापारी बँकेत किमान १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंतचे दावे सोप्या कागदांवर निकाली काढायचे आहेत. कागद पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली निघाला पाहिजे. काउंटरवर लगेच ‘कोर्टातून आणा’ म्हटले, तर शांतपणे ही मर्यादा विचारा.

गावाकडे शेती असलेल्यांसाठी एक वाक्य. इथे नामांतरण म्हणा, विदर्भात फेरफार म्हणा. पटवाऱ्याच्या किंवा तलाठ्याच्या वहीतली नोंद ही महसुलासाठी असते. सातबाऱ्यावर एकट्या काकांचे नाव चढले म्हणून बाकीच्यांची मालकी गेली, असे होत नाही.

इच्छापत्र : साध्या कागदावरही चालते

इच्छापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही. केली तर पुरावा बळकट होतो. स्वतःच्या अक्षरात, मराठीत लिहिले तरी चालते. महत्त्वाचे हे की तुमची सही हवी आणि निदान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदार असे निवडा, की ज्यांना त्या इच्छापत्रातून काही मिळणार नाही आणि जे तुमच्यापेक्षा वयाने लहान आहेत. मन बदलले तर नवे लिहा. शेवटचे तेच खरे. आणि नॉमिनीचे नाव व इच्छापत्रातले नाव यांत मेळ ठेवा. फॉर्मवर एक आणि कागदावर दुसरे, इथेच भांडणाचे बी पडते.

कर्जाचे शब्द

प्लांटमध्ये शेजारी काम करणाऱ्या मित्राच्या कर्जाला ‘नुसती सही’ करणारे पुष्कळ. त्या सहीचे नाव जामीनदार, हिंदीत ‘जमानतदार’. कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराच्या मागे लागा, तो संपला की मग माझ्याकडे या, असे म्हणता येत नाही. बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते. म्हणून एकच कसोटी : हे कर्ज उद्या मला फेडावे लागले तर मी फेडू शकेन का? उत्तर ‘नाही’ असेल तर नम्रपणे नकार द्या. मैत्रीला नकार सोसतो, वसुलीची नोटीस सोसत नाही.

तारण म्हणजे कर्जासाठी दिलेली वस्तू. सोने बँकेत ठेवले की ती ताबेगहाण. गाडी आपल्याकडेच राहते पण कर्जात बांधलेली असते, ते नजरगहाण. कर्ज फिटल्यावर बँकेचे ना हरकत पत्र घेऊन आरटीओतून गाडीच्या पुस्तकातली ती नोंद काढून घ्या. ती आपोआप निघत नाही. ‘लीन’ म्हणजे ठेवीवर लावलेली खूण. ठेवीवर कर्ज घेतले की ते फिटेपर्यंत ठेव मोडता येत नाही.

आणि कोरा चेक कोणालाही ‘सिक्युरिटी’ म्हणून देऊ नका. चेक वटला नाही तर समोरचा ३० दिवसांत नोटीस पाठवू शकतो. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले तर फौजदारी प्रकरण उभे राहत नाही. म्हणून नोटीस आली की ती पाकिटासह जपून ठेवा, वर तारीख लिहा आणि त्याच आठवड्यात कोणाला तरी दाखवा. नोटीस न घेतल्याने ती टळत नाही.

मदत कुठे मिळेल

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळू शकतो. भिलाईसारख्या कारखान्याच्या गावात यात किती जण बसतात ते तुम्हीच मोजा. दुर्गला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाइन १५१००. बँकेबद्दल तक्रार असेल तर आधी बँकेला लेखी द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, माहितीसाठी १४४४८.

आणि जुन्या, विसरलेल्या खात्यांसाठी : दहा वर्षे व्यवहार नसला तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती बुडत नाही; खातेदार किंवा वारस मागू शकतात. शोधण्यासाठी २०२३ पासून ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळ आहे.

या आठवड्यात करायची कामे

पासबुके आणि ठेवीच्या पावत्या एकत्र काढा. प्रत्येकीवर नॉमिनीची नोंद आहे का, आणि आहे तर नाव कोणाचे, ते पाहा. वारलेल्या माणसाचे नाव असेल तर बदला. नाव दिल्याची पोच बँकेकडून घ्या.

सगळ्या खात्यांची एक यादी करा : बँक, शाखा, नॉमिनी, कागद कुठे ठेवले आहेत. पिन आणि पासवर्ड त्यात लिहू नका. यादी कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी सांगा आणि त्यांत एक बाई असू द्या.

आणि घरात एकदा बसून बोला. ‘माझ्या मागे हे असे असावे’ असे म्हणणे अपशकुन नाही. ठेवीच्या पावतीवर नॉमिनी म्हणून ज्याचे नाव आहे, त्याला आज संध्याकाळीच सांगा की हे पैसे तुझ्या हाती येतील, पण ते कोणाकोणाचे आहेत. हे त्याने तुमच्या तोंडून ऐकलेले बरे.